चौसष्ट पानांच्या खेळासाठी एक टेबल: आमच्या मेळाव्याच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
आयोजक मंडळ,
दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारचा टेबलटॉप मेळावा, पुणे.

सप्रेम नमस्कार.

मागच्या गुरुवारी रात्री ग्रुपवर तुमची सूचना वाचली. पुढच्या मेळाव्यापासून कुठल्याही रोलप्लेइंग खेळाची (म्हणजे ज्यात प्रत्येक जण एक कॅरेक्टर, काल्पनिक पात्र, होऊन खेळतो आणि गेममास्टर गोष्ट व नियम सांभाळतो त्या खेळाची) फक्त चालू आवृत्ती टेबलावर येईल, जुन्या आवृत्त्यांची टेबलं बंद. कारणं तीन दिली आहेत: नवीन येणाऱ्यांचा गोंधळ होतो, जुने नियम कालबाह्य झालेत, आणि एका टेबलावरचं कॅरेक्टर दुसऱ्या टेबलावर नेता आलं पाहिजे. सूचनेखाली चार-पाच अंगठे पडले आणि विषय मिटला असं धरलं गेलं. माझ्यासाठी तो मिटलेला नाही. ग्रुपवर लिहिलं असतं तर सकाळपर्यंत वर सरकून गेलं असतं. शिवाय हा प्रश्न उद्या दुसऱ्या गावातल्या मेळाव्यातही येणार आहे. म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

खिडकीजवळच्या कोपऱ्यातलं टेबल माझं. चार वर्षं मी तिथे १९८१ सालचं डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतोय. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेलं बेसिक पुस्तक ६४ पानांचं, आणि त्याच वर्षी आलेलं डेव्हिड कुक आणि स्टीव्ह मार्श यांचं एक्स्पर्ट पुस्तक, तेही ६४ पानांचं. खेळणारे या जोडीला बी-एक्स म्हणतात. या १२८ पानांत पहिल्या लेव्हलपासून चौदाव्या लेव्हलपर्यंतचा सगळा खेळ बसतो. टेबलावर नेहमीचे पाच जण असतात, कधी सात होतात. एक जण दर वेळी सोलापूरहून रात्रीच्या गाडीने येतो.

जुन्या आवृत्तीचं नाव काढलं की लोक लगेच म्हणतात, बालपणीच्या आठवणी असतील. अमेरिकेतल्या पन्नाशी-साठीच्या माणसाबद्दल ते खरंही असेल. १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा छापून आला, आणि त्या भागातली पोरं तो तळघरात बसून खेळत मोठी झाली. माझा जन्म १९९०चा. आमच्या घरी रविवारी दुपारी मेंढीकोट, बदाम सात आणि सापशिडी. १९८१ची ही पुस्तकं ज्या डब्यातून विकली जायची, तो डबा मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेलाही नाही. मी २०१६ मध्ये ऑफिसातल्या मित्रांबरोबर पाचव्या आवृत्तीवर हा खेळ शिकलो, चार वर्षं तीच मनापासून खेळलो, आणि लॉकडाउनमध्ये बी-एक्सची पीडीएफ विकत घेऊन वाचली. म्हणजे नवीन आधी आणि जुनं नंतर. दोन्ही खेळून झाल्यावर मी निवड केली आहे, आणि माझ्या टेबलावरच्या बहुतेकांची गोष्ट अशीच आहे.

तुमच्या सूचनेत एक गृहीतक आहे, की आवृत्ती म्हणजे मोबाइलचं अपडेट: नवीन आलं की जुन्यातल्या चुका गेल्या, आता जुनं ठेवण्यात अर्थ नाही. काही खेळांच्या बाबतीत हे जवळपास खरं आहे. कॉल ऑफ क्थुलू हा भयकथेचा खेळ १९८१चाच, पण त्याच्या आवृत्त्या एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की जुन्या पुस्तकातलं कथानक थोडे आकडे बदलून आजच्या नियमांवर चालतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सचं तसं नाही. २००० साली तिसरी आवृत्ती आली, २००८ मध्ये चौथी, २०१४ मध्ये पाचवी, २०२४ मध्ये तिचीच सुधारलेली पुस्तकं. वीस बाजूंचा फासा, कॅरेक्टरचे ताकद-बुद्धीसारखे सहा गुण आणि नाव तेवढं कायम राहिलं, पण खेळणाऱ्याने टेबलावर बसून नेमकं काय करायचं, हेच दर वेळी बदललं.

याचा एकच हिशेब दाखवतो. बी-एक्समध्ये फायटरला, म्हणजे लढवय्या कॅरेक्टरला, दुसऱ्या लेव्हलला जायला २,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात. एक गोब्लिन, म्हणजे छोटा राक्षस, मारला की मिळतात ५. म्हणजे एकट्याने चारशे गोब्लिन. पण खजिन्यातलं एक सोन्याचं नाणं सुखरूप बाहेर आणलं की एक एक्सपी मिळतो. पाचव्या आवृत्तीत दुसरी लेव्हल ३०० एक्सपीला आहे आणि गोब्लिनचे ५० मिळतात. सहा गोब्लिन, झालं काम. एवढ्या एका फरकाने माणसं वेगळी वागायला लागतात. माझ्या टेबलावर लढाई म्हणजे तोट्याचा धंदा, म्हणून सगळे ती टाळतात. चोरून जातात, बोलून घेतात, लाच देतात, रात्र होईपर्यंत थांबतात, गरज पडली तर पळतात. पाचव्या आवृत्तीच्या टेबलावर लढाई हाच मुख्य सोहळा असतो. तिथलं कॅरेक्टर दमदार असतं, रात्रभर झोप काढली की सगळे हिट पॉइंट (किती मार सोसता येईल तो आकडा) परत येतात, शून्यावर पडलं तरी जीव वाचवायला फासे टाकायची संधी मिळते. ज्याला आपल्या वीराची लांबलचक कथा रंगवायची आहे त्याच्यासाठी हे उत्तम आहे, आणि मी स्वतः दर बुधवारी एका मित्राकडे तेच खेळतो. पण तो वेगळा खेळ आहे. मेंढीकोट खेळायला बसताना आपण आधी विचारतो, "बंद हुकूम की कट हुकूम?" दोन्ही मेंढीकोटच. एकाची मजा लपवलेल्या पानात, दुसऱ्याची कोण कधी कापतो यात. त्यातला एक कालबाह्य झाला असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

गेल्या डिसेंबरातला एक प्रसंग सांगतो. त्या रविवारी तुमच्यापैकी दोघं शेजारच्या टेबलावर होतात.

पाच जण भुयारात होते. टॉर्च सहा टर्न जळते, एक टर्न दहा मिनिटांचा, आणि मी वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने रेघा मारत होतो. पाचवी रेघ मारली तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिकडेच होत्या. नकाशा काढायचं काम बारावीतल्या एका मुलीकडे. गणिताच्या चौकटीच्या वहीत, एक चौकट म्हणजे दहा फूट. तिचं कॅरेक्टर जादूगार, हिट पॉइंट दोन, आणि दिवसभरासाठी असलेला एकुलता एक मंत्र आधीच वापरून झालेला. वळणावरून सहा गोब्लिन समोर आले. मी सापशिडीच्या डब्यातले असतात तसले दोन साधे फासे टाकले. बी-एक्समध्ये समोरचा प्राणी काय मनःस्थितीत आहे ते या दोन फाशांवर ठरतं: २ आले तर थेट हल्ला, १२ आले तर मैत्री, मधल्या आकड्यांत मधलं सगळं. ९ आले. म्हणजे लगेच हल्ला नाही, बोलायला जागा आहे.

ती मुलगी शीटकडे, म्हणजे कॅरेक्टरची माहिती लिहिलेल्या कागदाकडे, बघत नव्हती, कारण शीटवर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिने विचारलं, "त्यांच्या हातात काय आहे?" मी म्हटलं, भाले, आणि दोघांच्या खांद्यावर रिकामी पोती. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "रिकामी? मग हे खायला शोधायला निघालेत." ड्वार्फला, म्हणजे बुटक्यांच्या जमातीतल्या कॅरेक्टरला, गोब्लिनांची भाषा येते, असं पुस्तकातच आहे. ड्वार्फ खेळणारा आमचा सोलापूरकर तिचं म्हणणं त्याच्या खास सोलापुरी हेलात गोब्लिनांना सांगायला लागला. तीन दिवसांची शिदोरी गेली. त्या बदल्यात गोब्लिनांनी डावीकडचं कुठलं दार उघडायचं नाही ते सांगितलं. त्या दारामागे काय होतं ते मला माहीत होतं. उघडलं असतं तर पाचातले दोन तरी गेले असते. सहावी रेघ मारली, टॉर्च विझली, आणि अंधारात चकमक घासत असताना टेबलावर कुणी एक शब्द बोललं नाही.

हाच प्रसंग पाचव्या आवृत्तीत झाला असता तर तिच्या शीटवर पर्सुएशन (मन वळवण्याचं कौशल्य) नावाची ओळ असती, समोर एक आकडा असता, आणि तिने वीस बाजूंचा फासा टाकला असता. त्यात वाईट काही नाही, चांगला गेममास्टर आधी तिला बोलायलाही लावतो. पण अडचण आली की तिथे नजर आधी कागदावर जाते. आमच्याकडे ती पोत्यांवर गेली. जुन्या आवृत्तीत पुस्तक जिथे गप्प बसतं तिथे खेळणारा बोलायला लागतो, आणि मग काय होतं ते टेबलावरचा माणूस ठरवतो. मॅट फिंच यांनी २००८ साली जुन्या पद्धतीच्या खेळाची छोटी ओळख लिहिली, त्यात याला नियमांऐवजी निवाडे असं म्हटलंय. आम्ही जुनं खेळतो ते यासाठी.

आता तुमची कारणं.

नवख्यांचा गोंधळ. हे कारण वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण प्रत्यक्षात उलटं घडतं हे आपल्या मेळाव्यातच दर वेळी दिसतं. माझ्या टेबलावर पहिल्यांदा आलेला माणूस तीन फासे सहा वेळा टाकतो, फायटर, चोर, जादूगार अशा सात क्लासपैकी (कॅरेक्टरच्या प्रकारांपैकी) एक निवडतो, पुन्हा तीन फासे टाकून आलेल्या आकड्याला दहाने गुणून सोन्याची नाणी घेतो आणि दोर, टॉर्च, तलवार असं सामान विकत घेतो. पंधरा मिनिटांत तो भुयाराच्या तोंडाशी उभा असतो. २०२४चं प्लेयर्स हँडबुक ३८४ पानांचं आहे. त्यात १२ क्लास आहेत, प्रत्येकाचे चार उपप्रकार, वर बॅकग्राउंड (पूर्वायुष्य), फीट (खास कसब). त्या टेबलांवर पहिला तास कॅरेक्टर बनवण्यात जातो आणि नवीन माणूस शेजाऱ्याच्या मोबाइलवर कुठलं बटण दाबायचं ते बघत बसतो, हे मी कित्येकदा पाहिलंय.

यात भाषेचाही भाग आहे आणि त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. पाचव्या आवृत्तीत प्रत्येक खेळणाऱ्याला आपल्या क्लासची पानं स्वतः वाचावी लागतात, कारण त्याचे अधिकार त्या मजकुरातल्या शब्दांत असतात. आमच्याकडे पुस्तक मी एकट्याने वाचलं तरी पुरतं. बाकीचे मराठीत विचारतात, मराठीत सांगतात, मी मराठीत निवाडा देतो. सगळं शिक्षण मराठी माध्यमात झालेली, इंग्रजी नियमपुस्तक हातात घ्यायला बिचकणारी माणसं माझ्या टेबलावर पहिल्या तासात मोकळी झाली आहेत. त्यातल्या दोघांनी पुढे आपापल्या गावी स्वतःचं टेबल सुरू केलं. तुम्ही बंद करताय ते टेबल हे आहे.

कालबाह्य. जुन्या पुस्तकांत दोष आहेत आणि ते मी झाकत नाही. १९७८च्या अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तकात स्त्री कॅरेक्टरच्या ताकदीवर वेगळी मर्यादा होती. तो नियम मी कुठल्याही टेबलावर चालवणार नाही. बी-एक्समध्ये चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं, हे समजवायला दर वेळी पाच मिनिटं जातात. पहिल्या लेव्हलच्या चोराला सापळा सापडण्याची शक्यता १० टक्के, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. आम्ही अशा गोष्टी दुरुस्त करतो, टाळतो, कधी भांडून ठरवतो. पण कालबाह्य म्हणजे जे आता कुणी वापरत नाही ते. २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर खुला परवाना, म्हणजे मूळ नियम वापरून इतरांनाही पुस्तकं छापायची मुभा, आला, आणि त्याच्या आधारे लोकांनी जुने नियम नव्याने लिहायला घेतले. २००६ मध्ये ऑस्रिक आलं, २००७ मध्ये लॅबिरिंथ लॉर्ड, २०१९ मध्ये गॅव्हिन नॉर्मन यांचं ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स. हे शेवटचं म्हणजे बी-एक्सच, फक्त मांडणी नीटस केलेली.

इथे तुमचा नियम स्वतःच अडकतो. ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स हा स्वतंत्र नावाचा खेळ आहे आणि त्याची आज विकली जाणारी आवृत्ती ही चालू आवृत्तीच आहे. उद्या मी टेबलावरचं पुस्तक तेवढं बदललं तर तेच भुयार, तेच गोब्लिन, त्याच टॉर्चच्या रेघा तुमच्या नियमात बसतात. मला त्या फटीतून आत यायचं नाही. ज्या नियमाने खेळ बंद होत नाही, फक्त पुस्तकाचं मुखपृष्ठ बदलतं, तो नियम कशासाठी आहे एवढंच मी विचारतोय.

कॅरेक्टर एका टेबलावरून दुसरीकडे नेण्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांना ती सोय हवी त्यांची टेबलं एकसारख्या नियमांवर चालायलाच हवीत. पण आमचं कॅरेक्टर तुमच्या टेबलावर आणायचा हट्ट आम्ही कधीच धरला नाही. शिवाय या सूचनेचा फटका आमच्यापुरता नाही. २०१४च्या पुस्तकांवर तीन वर्षं चाललेली एक मोहीम तिच्या शेवटाच्या तोंडाशी आली आहे. १९७७च्या नियमांवर ट्रॅव्हलर हा अंतराळातला खेळ चालवणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे कॅरेक्टर बनवतानाच ते मरू शकतं, आणि लोक तेवढ्यासाठी त्यांच्या टेबलावर गर्दी करतात. या सगळ्यांना तुम्ही एका वाक्यात घरी पाठवलंत.

हे आपल्या मेळाव्यातच पहिल्यांदा घडतंय असंही नाही. हा खेळ छापणाऱ्या कंपनीने एप्रिल २००९ मध्ये जुन्या पुस्तकांसह सगळ्या पीडीएफ विक्रीतून काढून घेतल्या होत्या. जानेवारी २०१३ मध्ये जुनी पुस्तकं विक्रीला परत आणावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या ऑनलाइन सेवेवर लोकांनी विकत घेतलेले २०१४चे मंत्र आणि जादूच्या वस्तू कॅरेक्टर शीटवर नव्या रूपात बदलल्या जातील अशी घोषणा झाली. खेळणारे चिडले आणि काही दिवसांतच ती मागे घेतली गेली. १९८१च्या दोन्ही पुस्तकांच्या पीडीएफ आज रीतसर विकत मिळतात. म्हणजे ज्या पुस्तकांना प्रकाशकानेच पुन्हा जागा दिली, त्यांना आपल्या मेळाव्यात जागा नाही. आणि आपल्याला तर काही विकायचंही नाही.

शेवटी, निर्णय कसा झाला त्याबद्दल. जुन्या आवृत्तीचं टेबल चालवणाऱ्या आम्हा चौघांपैकी कुणालाही विचारलं नाही. सूचना निघायच्या आधीच, मागच्या मेळाव्यात, नाव नोंदवायच्या टेबलावर एका कॉलेजच्या मुलाला सांगण्यात आलं की तिकडे बसू नकोस, ते जुनं आहे, बंद होणार आहे. तो दुपारी माझ्याकडे येऊन विचारत होता, "दादा, इथे खेळलेलं पुढे चालत नाही का?" आमची कॅरेक्टर शीट आणि नकाशाच्या वह्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात खोक्यात असायच्या. तो खोका मला जिन्याखाली, परत करायच्या खुर्च्यांच्या मागे मिळाला. दोन शीट गहाळ आहेत. एक त्या जादूगाराचं. दोन हिट पॉइंटवरून ती पोरगी तिसऱ्या लेव्हलपर्यंत पोचली होती. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण बंद होणार असं एकदा ठरलं की वस्तूंकडे बघायची नजर बदलते, आणि ती बदललेली मला दिसली.

माझ्या मागण्या साध्या आहेत. आवृत्तीची अट मागे घ्या. त्याऐवजी प्रत्येक टेबलावर खेळाचं नाव, आवृत्तीचं साल आणि नवख्यांना बसता येईल का, एवढं लिहिलेली पाटी ठेवा. पाट्या मी स्वखर्चाने करून आणतो. नवख्यांचा खरा गोंधळ त्यानेच दूर होईल. जुन्या आवृत्त्यांसाठी दर मेळाव्यात किमान दोन टेबलं राखून ठेवा, आणि दोन महिने ती भरली नाहीत तर खुशाल दुसऱ्या कुणाला द्या, मी हरकत घेणार नाही. कॅरेक्टर फिरवायचा नियम ज्यांना हवा त्या टेबलांपुरताच असू द्या. नाव नोंदवायला बसणाऱ्यांना सांगा की कुठल्याही टेबलाबद्दल "ते बंद होणार आहे" असं नवीन माणसाला सांगायचं नाही. कपाटातला कप्पा आम्हाला परत द्या आणि ती दोन शीट शोधायला मदत करा. आणि यापुढे टेबलांबद्दल काही ठरवायचं असेल तर टेबल चालवणाऱ्या सगळ्यांना आठवडाभर आधी कळवून, समोर बसून ठरवा.

यातल्या कुठल्याही मुद्द्यावर बोलायला मी केव्हाही यायला तयार आहे. त्याहून बरं म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी एक डाव आमच्या टेबलावर बसा. पंधरा मिनिटांत कॅरेक्टर तयार होईल, पुस्तक वाचायला लागणार नाही. पुढच्या मेळाव्याला अजून सोळा दिवस आहेत. सोलापूरच्या गाडीचं तिकीट काढायचं की नाही ते त्याला आठवडाभर आधी सांगावं लागतं, म्हणून येत्या रविवारपर्यंत उत्तर मिळावं ही विनंती.

आपला,
खिडकीजवळच्या टेबलाचा गेममास्टर